बेदाण्याच्या जाळीतला विहार

सुमनताई बनसोडे यांचं नाव आधी लिहिते. मागाहून लिहू म्हटलं तर राहून जाईल अशी मला धास्ती वाटते. मला धास्ती कशाचीही वाटते. गॅस बंद केलाय का हे बघायला मी या वयातही जिन्यातून दोनदा परत येते. तर सुमनताई. बेताची उंची, अंबाड्यात कायम खोचलेली पेन्सिल, मधल्या बोटाला शाईचा डाग, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत गप्प राहण्याची सवय, जी मी त्यांच्याआधी कुणात पाहिली नव्हती. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या पारूआत्याचं नाव. मामा-मामी तर घरचेच. आज लोक मला कलाकार म्हणतात. कॉम्प्युटरच्या आत इमारती रचायच्या, आणि त्याच इमारती कापड, दोर, सळ्या, जाळ्या घेऊन खऱ्या जमिनीवर पूर्ण मापात उभ्या करायच्या, म्हणजे माणसाला त्यांत एकदा डोळ्यांनी आणि एकदा पायांनी हिंडता यावं, असं माझं काम आहे. आर्किटेक्ट म्हणतात ही चित्रकार, चित्रकार म्हणतात ही गवंडी. शाळा सातवीत सुटलेली, त्यामुळे मी दोघांनाही मान डोलावते. राहते परदेशात, समुद्राकाठच्या एका थंड गावात, जिथं माझं मालन हे नाव अजून कुणाला धड घेता येत नाही. पण हे सगळं ज्या दहाएक दिवसांत ठरलं ते दिवस सांगलीच्या विश्रामबागेतले आणि तासगावच्या पुढच्या एका वस्तीतले आहेत.

आम्ही माणदेशातले धनगर. आमच्यात वाडा म्हणजे दगडाचं घर नव्हे. मेंढरं, दोन घोडी, चार बिऱ्हाडं, कुत्री आणि कोंबड्या मिळून जो चालता मुक्काम होतो त्याला आम्ही वाडा म्हणतो. दिवाळी झाली की हा वाडा साताऱ्याची हद्द धरून घाटाकडे निघायचा आणि खाली कोकणात उतरायचा. रोज नवं रान, पण मुक्काम मात्र रोज तोच. घोड्यावरची ओझी उतरली की आई न बघता तीन दगड मांडायची, तिच्या उजव्या हाताला पाण्याची घागर, डाव्या हाताला कोकरांची डालगी, समोर काकीची चूल. मेंढरं कोंडायची दोरांची जाळी, तिला आम्ही वाघूर म्हणतो, ती माझे वडील, आबा, खुंट्या ठोकून गोल उभी करायचे, आणि तिचं तोंड नेहमी उद्या ज्या वाटेनं जायचं त्या बाजूला सोडायचे. सकाळी मेंढरं बाहेर पडली की त्यांची तोंडं आपोआप वाटेला लागलेली असायची. मला लहानपणी वाटायचं की आपलं घर एकच आहे आणि खालची जमीन तेवढी बदलते. असं वाटणं वेडेपणाचं नव्हतं हे कळायला पुढं माझी वीस-पंचवीस वर्षं गेली.

घाट उतरताना एका वर्षी माझा पाय दगडात अडकून घोट्यात मोडला. मिरजेच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, पुढं हाड नीट बसेना म्हणून प्लास्टर काढून पुन्हा घातलं, आणि चालणाऱ्या वाड्यात न चालणारी पोरगी कुणी वागवायची, म्हणून मला विश्रामबागेत मामाकडे ठेवलं. मामा एका कॉलेजात शिपाई. दोन खोल्यांचं क्वार्टर, वर पत्रा, आणि पुढं हातभर व्हरांडा. पहिले कित्येक दिवस मला त्या छताचीच भीती वाटायची. वर बघावं तर आभाळाऐवजी पत्र्याचे खिळे. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा मी लंगडत व्हरांड्यात पळाले होते आणि मामी भाकरी थापता थापता हसून खाली बसली होती. त्या घराचे आवाज मला अजून क्रमानं सांगता येतील. पहाटे स्टेशनवरच्या गाडीचा भोंगा, मग मामीच्या हातातल्या भाकरीची थपथप, मग शेजारच्यांचा रेडिओ, मग कॉलेजची घंटा आणि त्या घंटेसरशी शेकडो सायकलींची किणकिण. मी बाजेवर पडून हे सगळं मोजत राहायची. मामी आमच्याकडची, तिला ठाऊक होतं मला काय खावंसं वाटत असेल. ती हुलग्याचं माडगं करायची, लसणाची फोडणी वरून, आणि चार वाजता परातीत भडंग घेऊन त्यावर कांदा चिरून माझ्यापुढं ठेवायची. म्हणायची, “खा गं. हाडाला चुना पायजे तसा माणसाला मीठमिरची पायजे.” हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण गुण आला.

पाय टेकता यायला लागला तेव्हा मामानं मला सुमनताईंच्या गाळ्यात नेऊन बसवलं. ताई पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या नोकरीत होत्या. वर्षभराची बिनपगारी रजा काढून त्यांनी हा गाळा घेतला होता. इंजिनियर लोकांच्या नकाशांच्या प्रती काढायचं अमोनियाचं यंत्र तिथं होतं, आणि त्यावर कुणी टिकत नव्हतं. वासानं डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा, चार दिवसांत माणूस पळायचा. मला ताईंनी पहिला कागद लावायला सांगितला आणि लांबून बघत राहिल्या.

“डोळ्यांत पाणी येत नाही तुझ्या?”

“न्हाई वं.”

“वास?”

“वास हाय की. सकाळच्या पारी आमची वाघूर सोडली की असाच भपकारा येतो. मेंढरांच्या मुताचा.”

ताई इतक्या हसल्या की अंबाड्यातली पेन्सिल खाली पडली. “तुला कुणी शिकवायची गरज नाही मग,” म्हणाल्या. तेव्हापासून मी तिथं. कागदावर जांभळ्या रेघा उमटायच्या, मी त्या वाळत घालायची, आणि वाळेपर्यंत बघत बसायची. नकाशा वाचायला मला कुणी बसवून शिकवलं नाही. एकदा मी विचारलं, ही रेघ मधेच तुटून चतकोर गोल का झालीया, तर ताई म्हणाल्या ते दार आहे, उघडताना एवढी जागा घेतं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी मामाच्या घराचं दार वीस वेळा उघडून मिटलं. दार उघडायलाही जागा लागते, आणि ती जागा कुणीतरी आधी मोजून ठेवलेली असते, याचं मला अपार नवल वाटलं.

गाळ्याच्या आतल्या खोलीत कॉम्प्युटर होता. पुण्याच्या भावाकडून ताईंनी तो वर्षाच्या बोलीवर आणला होता. त्या खोलीत चपला काढून जायचं. खिडकीला ओलं फडकं, पायाशी टेबलफॅन, आणि यंत्रावर मामीच्या घरच्या पांघरुणापेक्षा चांगली फुलाफुलांची चादर. पहिल्यांदा ताईंनी मला आत बोलावलं तेव्हा मी पाय धुऊन गेले. काळ्या काचेवर एक पांढरी रेघ आली. मग दुसरी. यंत्र घरघरायचं, थांबायचं, आणि एक रेघ ओढायचं, जणू आत कुणीतरी म्हातारं माणूस आठवून आठवून काढतंय. होता होता एक घर झालं. त्याला भिंती होत्या पण त्या भिंतींतून पलीकडची भिंत दिसत होती, पलीकडच्या भिंतीतून तिच्या मागची खिडकी. ताईंनी दोन आकडे टाइप केले आणि ते घर आपल्या जागी वळलं. एका कोपऱ्यावर उभं राहून वळलं. आम्ही दोघी खुर्चीतच होतो आणि आता घराच्या मागं उभ्या होतो. मला ते वाघुरीसारखं दिसलं. तीही भिंत असते, पण तिच्यातून आतलं मेंढरू, पलीकडची आई आणि त्याच्या पलीकडचा डोंगर एकदम दिसतो. मी ताईंना हे बोलून दाखवलं. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. ताई वाक्य पुरं होईपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या, “परत सांग.”

आज माझ्या कामाच्या खोलीत यंत्रं आहेत ती त्या यंत्राच्या हजारपट वेगानं चालतात. सगळी इमारत डोळ्याचं पातं लवायच्या आत रंगासावलीसकट उभी राहते. पण एकेक रेघ येण्याची वाट बघताना छातीत जे व्हायचं ते आता होत नाही, आणि कधी कधी मी मुद्दाम सगळे रंग काढून टाकते आणि नुसत्या रेघा ठेवून बघत बसते.

दिवाळीच्या तोंडाला आबा मला न्यायला आले. गाळ्याच्या उंबऱ्यावर बसले, आत येईनात. ताईंनी त्यांना हाताला धरूनच आत नेलं आणि पडद्यावरचं घर दाखवलं. आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ बघितलं.

“ह्यात घर हाय?”

“व्हय आबा.”

“मग ऱ्हातं कोण?”

आबांनी पटका पुन्हा बांधला. “पाय बरा झालाय तुजा. धा दिसांनी वाडा मलकापुरास येतोय, तितं चार दीस मुक्काम हाय, फुडं घाट. काकीच्यानं आता वझं उचलत न्हाई. तू ये तितं. न्हाईतर मग...” आबांनी वाक्य सोडून दिलं. त्यांना काय म्हणायचं ते मला कळलं आणि ताईंनाही कळलं. राहायचं तर राहण्याला कारण पाहिजे.

आणि ते कारण एका बैठकीवर लोंबकळत होतं. ताईंचं माहेर तासगावच्या पुढं. त्यांच्या आजोबांच्या पिढीनं छप्पन्न साली धम्म घेतलेला, आणि आता वस्तीनं मिळून विहार बांधायचा ठरवला होता, त्याला जोडून पोरांना अभ्यासाला एक खोली. खात्यात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नकाशांवर कागद ठेवून रेघा गिरवलेल्या ताईंनी पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यातून काढलेला नकाशा हा. वस्तीला मात्र ठेकेदारानं एक तयार नकाशा देऊन ठेवला होता. रविवारी सगळे बसून काय ते ठरवणार होते. ताईंनी मला सरळ सांगितलं होतं, “माझा धरला तर मी नोकरी सोडते, आणि मला कॉम्प्युटरवर बसायला माणूस लागेल, ती तू. नाही धरला तर यंत्र पुण्याला, मी खात्यात, आणि तू मलकापूरला.” असं स्पष्ट बोलणं मला फार आवडलं, आणि त्या दिवसापासून माझी भूक मेली.

ताई आधी एकदा नकाशाच्या प्रती घेऊन वस्तीत जाऊन आल्या होत्या. लोकांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला, छान आहे म्हणाले आणि घडी घालून दिवळीत ठेवला. “कागद त्यांच्यासाठी कागदच आहे गं,” ताई म्हणाल्या. “यंत्र तिथं नेता येत नाही. कसं दाखवू?” मी अमोनियाच्या यंत्रापाशी उभी होते. म्हटलं, “उभंच करू या की. वाघूर लावतात तसं. पुरं माप घेऊन.” ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढ्या मोठ्या वाघुरी आणायच्या कुठून, एवढंच विचारलं.

त्याही तासगावातच होत्या. बेदाणे वाळवायच्या शेडी तेव्हा रिकाम्या असतात. द्राक्षाची छाटणी झालेली, माल यायला तीन-चार महिने अवकाश. ताईंच्या ओळखीच्या एका शेडवाल्यानं गुंडाळून ठेवलेल्या हिरव्या जाळ्या आणि बांबू द्यायचं कबूल केलं, “फाडू नका म्हंजे झालं,” म्हणाला. शुक्रवारी आम्ही दोघी त्या शेडीत गेलो. चाळीस-पन्नास पावलं लांब, भिंत म्हणून नाहीच, नुसते खांब आणि वरून खालपर्यंत रिकाम्या मजल्यांचे मांडव, त्यातून वारा शिट्टी न वाजवता जातोय. वारा आत घ्यायचा आणि ऊन बाहेर ठेवायचं म्हणून बांधलेली इमारत. मी तोंड उघडं टाकून बघत उभी राहिले, तर ताई म्हणाल्या, “चल, ट्रॅक्टर सुटेल.” जाळ्यांना गेल्या हंगामातली साखर चिकटलेली होती. ट्रॉलीत त्यांच्यावर बसून आम्ही वस्तीत पोचलो तेव्हा माझ्या परकरावर मुंग्या होत्या आणि मागं दोन-चार मधमाश्या.

पारूआत्याच्या घरी उतरलो. सत्तरीची बाई, काटक, बोलायला करवत. ताटं मांडली आणि माझ्यापुढं ठेवण्याआधी तिनं हात आखडता घेतला. “धनगराची न्हवं गं तू? आमच्यातलं खाशील का?” आईनं मला याबाबत कधी काही सांगितलं नव्हतं, पण न सांगताही मला जे ठाऊक होतं ते ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याची लाज मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटली. मी म्हटलं, “आत्या, मला लय भूक लागलीया.” “मग मुकाट गिळ की,” म्हणून तिनं भाकरीवर वांग्याचं कोरड्यास वाढलं, वर कच्चं तेल. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले. शनिवारी ताईंना रजेच्या कागदांसाठी खात्यात जाणं भाग होतं. नकाशाची प्रत, टेप आणि काटकोन बघायचा गवंड्याचा गुनिया माझ्या हातात देऊन त्या सांगलीच्या एसटीत बसल्या. “सगळी मापं लिहिलीत. जमेल ना?” मी व्हय म्हटलं.

जागा मोकळी, सपाट. एका अंगाला वस्तीची घरं, दुसऱ्या अंगाला डांबरी रस्ता, तरी वस्तीची वहिवाट गावाला वळसा घालून रस्त्याला लागायची. वस्तीतली दोन पोरं पहार घेऊन मदतीला आली. आम्ही पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर रेघा मारल्या, खड्डे घेतले, बांबू उभे केले, ओळंब्यानं सरळ केले. कागदावरची बोटभर रेघ जमिनीवर चालायला लागली की बारा पावलं व्हायची. जाळी ताणून बांधायची गाठ माझ्या हाताला येत होती, ती त्या पोरांना येत नव्हती. “शिकिव की गं आमाला,” म्हणत ती मागं लागली. दुपार कलती झाली तेव्हा भिंती उभ्या राहिल्या. मी आत गेले. वारा आला आणि सगळ्या भिंतींनी एकदम श्वास घेतला. ऊन हिरवं होऊन जमिनीवर पडलं होतं. एका खोलीतून मला दुसरी खोली दिसत होती, तिच्यातून अभ्यासिका, तिच्यातून घरी निघालेल्या शेळ्या. पडद्यावर जे बघितलं होतं त्याच्या आत मी उभी होते. माझा हात त्याच्या भिंतीला लागत होता आणि हाताला साखर चिकटत होती. त्यानंतर मी जगात पुष्कळ मोठमोठ्या वास्तू पाहिल्या, पण आपण काय बघतोय हे न कळून खाली बसावंसं वाटलं ते तिथं एकदाच.

रविवारी पहिल्या एसटीनं ताई आल्या. रस्त्यावर उतरल्या आणि उतरल्या तिथंच थांबल्या. मी पळत गेले, कौतुक ऐकायला. ताईंचा चेहरा पांढरा पडला होता.

“मालन, दार कुणीकडं काढलंस?”

“रस्त्याकडं.”

“नकाशात वस्तीकडं आहे.”

मी कागद उघडला. कागदाच्या कोपऱ्यात दिशा दाखवणारा बाण होता. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. मी तो बघितलाच नव्हता. तोंड कुणीकडं सोडायचं हा प्रश्नच मला पडला नव्हता. जिकडं वाट, तिकडं तोंड. हातातला कागद मी आपोआप तसा फिरवला होता आणि सगळा विहार पाठमोरा उभा केला होता. वस्तीच्या बाजूला आता नुसती आडवी लांब भिंत होती. उपटून पुन्हा लावायला सहा तास लागले असते आणि माणसं घरातून निघालेली दिसत होती. मी रडत म्हटलं, “मी सांगते समद्यास्नी, माझं चुकलं म्हणून.” ताईंनी माझ्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

पुढं दगडूतात्या, वस्तीतले वडीलधारे, मिलिटरीतून रिटायर झालेले, आणि त्यांच्यामागं बायाबापे, पोरंटोरं, सगळी वस्ती. “हे काय गं सुमन? आमचं बेदाणं करती का काय?” कुणीतरी मागून ओरडलं आणि हशा झाला. तात्या हसले नाहीत. भिंतीला वळसा घालून पुढं आले आणि दाराशी थांबले. आणि मग त्यांनी चपला काढल्या. जाळीपुढं. कुणी सांगितलं नव्हतं. मागच्यांनीही काढल्या, हसणाऱ्यानंही काढल्या. आत जाऊन माणसं हळू आवाजात बोलायला लागली. एक बाई भिंतीपाशी बसली आणि म्हणाली, “हितं बसायचं व्हय आमी? बरं वाटतंय.” अभ्यासिकेत पोरं ओळीनं मांडी घालून बसली, पुस्तकं नसताना. मी बाहेर बांबू धरून उभी होते.

मग तात्या बाहेर आले. “सुमन, समदं झ्याक हाय. पर दार तिकडं का? आजवर आपलं कुटलंच तोंड रस्त्याकडं न्हवतं. जुनं समाजमंदिर, आपली घरं, समदी आतल्या अंगाला बगत्यात. ठेकेदाराच्या नकाशातबी दार आतच हाय. कागदावरचा दिशेचा बाण चुकला का काय तुजा?”

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी ताईच बोलल्या.

“मुद्दाम केलंय, तात्या.”

एवढंच. आवाज जराही हलला नाही. लोकांना ते पटेल की नाही, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. नकाशा, नोकरी, यंत्र, सगळं त्या एका वाक्यावर ठेवून त्या तिथंच उभ्या राहिल्या.

कुणी म्हणालं, येणारंजाणारं आत बघत जाईल. कुणी म्हणालं, बघू द्या की, काय चोरी हाय? कुणी म्हणालं, उगं कुणाच्या डोळ्यावर कशाला यायचं. आवाज चढायला लागले. या सगळ्यात पारूआत्या उठली. काठी टेकत दारातून बाहेर पडली आणि सरळ चालत डांबरी रस्त्यापर्यंत गेली. तिथं उभी राहिली. एक ट्रक गेला. ती वळली आणि तशीच सरळ आत आली. मग पुन्हा गेली. पुन्हा आली. बोलणारे एकेक करून थांबले. तिसऱ्यांदा आत आल्यावर ती दारात टेकली, धाप लागली होती.

“अगं आत्ये, काय चाललंय तुजं?” तात्या म्हणाले.

“लय सोपं हाय की रं,” ती म्हणाली. “मी उगंच आजवर समद्या गावाला वळसा घालून रस्त्याला जात हुते.”

तात्यांनी रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाले, “मागनंबी एक बारकं दार ठेव सुमन. म्हाताऱ्या माणसास्नी वस्तीतनं याय बरं पडंल. मोठं हितनंच.” ठेकेदाराच्या नकाशाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, चहाच आला.

सोमवारी गाळ्यात ताईंनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागं उभ्या राहिल्या. कोणती कळ दाबायची ते सांगितलं, मग आकडा सांगितला: एकशे ऐंशी. मी एका बोटानं टाइप केलं. यंत्र घरघरलं आणि एकेक रेघ करत सगळा विहार फिरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मला हसू आणि रडू एकदम आलं. मी म्हटलं, “ताई, तुमी खोटं का बोललासा?” त्या म्हणाल्या, “खोटं कुठं? कागद मी पिशवीत ठेवला तेव्हाच ते माझं झालं. आता मागचं दार काढ. तीन फूट.”

मलकापूरला मी गेले, पण आबांना सांगायला. मुक्काम हायवेपासून जरा आत, कापून नेलेल्या सोयाबीनच्या रानात. आईनं तोंडावरून हात फिरवला आणि दुधातली भाकरी दिली. आबा वाघुरीची खुंटी ठोकत होते. मी सगळं सांगितलं, चुकीसकट. ते ठोकायचे थांबले नाहीत. शेवटची खुंटी झाल्यावर म्हणाले, “त्या बाईनं तुजी चूक आंगावर घेतली. आमी बापलोकबी घेत न्हाई कवाकवा. ऱ्हा तिच्यापाशी.”

आता एक कबूल करते. पुढं मोठमोठ्या सभागृहांत मला माझ्या कामाची सुरुवात विचारतात तेव्हा मी ही हकिकत सांगते, आणि कित्येक वर्षं ती अशी सांगत आले की दार मी विचार करून फिरवलं. ऐकणाऱ्यांना ते फार आवडतं. सुमनताईंनी एकदा असं एक भाषण फोनवर ऐकलं आणि “बरी बोललीस” म्हणाल्या, बाकी अवाक्षर नाही. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. ताई आता थकल्या. गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी डोळ्यांवर लावायचं यंत्र पाठवलं होतं, ते घातलं की माझ्या इमारतींत हिंडता येतं. त्यांनी घालून बघितलं, चक्कर आली म्हणाल्या, आणि व्यवस्थित खोक्यात भरून ठेवलं. माझ्या एकाही वास्तूत त्या आजवर आलेल्या नाहीत.

तर ताई, मी येते. गुडघ्यांना झेपेल तेवढ्या अंतरावर, तुमच्या घराजवळच्या मोकळ्या जागेत, पूर्ण मापाचं एक दालन मी तुमच्यासाठी उभं करेन. नकाशा या खेपेला तुम्ही काढायचा आणि बांबू मी उभे करायचे. लोक जमतील, आत जातील, आणि कुठं काही चुकलेलं निघालं, भिंत वाकडी, दार भलतीकडे, तर तुम्ही तोंड उघडायच्या आधी मी पुढं होऊन सांगेन की हे मी मुद्दाम केलंय.